अजाणता आणि जाणता

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे दोन प्रकार आपल्या शास्त्रकारांनी मानले आहेत. एक जाणून केलेली हिंसा आणि दुसरी अजाणता घडलेली. पहिलीविषयी फारसा वाद नाही. ती निंद्य आहे हे करणाऱ्यासही ठाऊक असते. दुसरीविषयी मात्र प्रत्येकजण आपल्यापुरता एक सोयीचा निर्णय करून मोकळा होतो. 'माझ्या मनात तसे काही नव्हते' एवढे म्हटले की हिशेब मिटला, असे त्यास वाटते. हे म्हणणे बहुधा खरेही असते. परंतु ते खरे असले तरी पुरेसे आहे काय, हा प्रश्न एका पहाटे अनमोडच्या घाटात एका मुक्या प्राण्याने मजपुढे टाकला. त्या पहाटे मी जसा वागलो ते सांगण्यासारखे नाही. तरीही ते सांगितल्यावाचून पुढील विचाराला अधिकार येणार नाही, म्हणून प्रथम तेच सांगतो.

आमचे घराणे मूळचे गोव्याचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलाखाली साष्टी-तिसवाडीकडील देवळे मोडली गेली, तेव्हा जी दैवते नदी ओलांडून अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडे तालुक्यात, आली त्यांपैकीच एक आमची कुलदेवता. घराणे पुढे घाट चढून बेळगावास स्थायिक झाले. पण वर्षातून एकदा देवीस अभिषेक करण्याचा नेम सुटलेला नाही. त्या वर्षीही आम्ही मध्यरात्रीनंतर बेळगाव सोडले. मोटार माझा भाचा चालवीत होता. मागे माझी थोरली बहीण, आम्हा सर्वांची आक्का, बसली होती. खानापूर, लोंढे, रामनगर अशी गावे मागे पडली आणि साडेचारच्या सुमारास अनमोड ओलांडून आम्ही घाट उतरू लागलो. सकाळी सातचा अभिषेक चुकू नये म्हणून भाच्याला दोनदा घाई करण्यास सांगणारा मीच होतो.

एका वळणावर डावीकडच्या झाडीतून काहीतरी तांबूस उसळून रस्त्यावर आले. क्षणभर दोन डोळे चमकले, ब्रेक कर्कशला, आणि गाडीच्या तोंडाशी मऊ असा आघात झाला. भाच्याने पन्नासएक पावलांवर गाडी थांबविली. मागच्या तांबड्या दिव्याच्या उजेडात दिसले की ते भेकर आहे. पुढचे पाय रोवून ते उठू पाहत होते आणि मागचा भाग त्यास साथ देत नव्हता. एकदा ते ओरडले. भेकराचे ओरडणे कुत्र्याच्या भुंकण्यासारखे असते हे मला ठाऊक होते. त्या पहाटे मात्र ते कशासारखेच वाटले नाही.

आक्का म्हणाली, "तें अजून जितें आसा रे."

भाच्याचा हात दाराच्या कडीवर गेला होता. मी म्हणालो, "आपण काय करणार आहोत? अंधार आहे, फोन लागत नाही, अभिषेकाला उशीर होईल. आपण मुद्दाम थोडेच केले? चल." मी वडीलधारा, माझा शब्द मोडण्याची आमच्या घरी रीत नाही. गाडी निघाली. मोले येथील नाक्यावर दिवा जळत होता आणि पहाऱ्यावरचा मनुष्य जागा होता. भाच्याने गाडी मंद केली व माझ्याकडे पाहिले. मी समोर पाहत राहिलो. पुढे फोंड्यापर्यंत कोणी कोणाशी बोलले नाही.

स्नान करून आम्ही देवीपुढे बसलो. पुरोहितांनी संकल्प सांगावयास आरंभ केला. देश, काल, गोत्र, नाव झाले आणि पापक्षयाच्या ओघात 'ज्ञात' व 'अज्ञात' हे दोन शब्द आले. हे शब्द मी जन्मभर उच्चारीत आलो आहे. त्या दिवशी ते माझ्याने उच्चारवेनात. घाटातील गोष्ट या दोहोंपैकी कोणत्या शब्दाखाली पडते, हे मला कळेना. मी थांबलेला पाहून आमच्या भटमामांनी विचारले आणि मी झालेले सर्व त्यांना सांगितले. माझी अपेक्षा अशी की ते एखादे दान, एखादा जप सांगतील. त्यांनी एवढेच विचारले, "तुमी थंय रावले?" तेथे थांबलात का?

मी नाही म्हणालो. मग ते म्हणाले की मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याची जी साधने सांगितली आहेत, त्यांत तप, अध्ययन आणि दान आहेत; पण त्यांच्याही आधी ख्यापन आणि अनुताप आहेत. ख्यापन म्हणजे आपण केलेले आपल्या तोंडाने सांगणे. "ते देवीपुढे पुटपुटून भागत नाही. त्या रानाची राखण ज्यांच्याकडे आहे, त्यांना जाऊन सांगा. अभिषेक नंतर होईल; देवी कोठे जात नाही."

आम्ही मोल्यास परतलो. वनखात्याच्या चौकीत जे कळले ते असे. सहाच्या सुमारास मालमोटारीच्या एका चालकाने येऊन खबर दिली होती. त्याची गाडी भेकरावर आदळली नव्हती. त्याने केवळ ते पाहिले आणि तो थांबला. वनरक्षक पोचले तेव्हा भेकर रस्त्यापासून काही पावले सरपटत जाऊन गटारात पडले होते. ते मेलेले होते, पण त्याचे अंग अजून गार झालेले नव्हते. साडेचारपासून त्या वेळेपर्यंतचा काळ मी मनाशी मोजला. तो अजूनही मोजतो.

आता विचार असा. त्या पहाटे मी स्वतःला सांगितले ते 'मुद्दाम केले नाही' हे वाक्य आघातापुरते खरे होते. पण त्या घटनेत कर्मे दोन होती. भेकराला धक्का बसला हे पहिले कर्म. ते अजाणता घडले. त्याला तसेच टाकून निघून जाणे हे दुसरे. ते घडले तेव्हा मी पूर्ण जागा होतो, पर्याय समोर होते, आक्काने बोलून दाखविले होते, नाक्यावर दिवा होता. ते जाणून केलेले कर्म होते. अपघात केवळ पहिले होते. मी मात्र पहिल्याचे निमित्त दुसऱ्यास लावून दोन्ही एकाच शब्दाखाली झाकू पाहत होतो. माझ्या मते अशा प्रसंगी आपली फसगत नेमकी येथेच होते. 'अपघात' हा शब्द एका क्षणाचा आहे आणि त्याच्या आधारावर आपण पुढच्या सबंध तासाची सुटका करून घेतो.

रामायणातील दशरथाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. शरयूच्या तीरावर, रात्रीच्या अंधारात, घट भरण्याचा आवाज त्याने ऐकला. हत्ती पाणी पीत आहे असे समजून बाण सोडला. आणि मुनिकुमार विद्ध झाला. हेतूचा विचार केला तर दशरथ निर्दोष होता. पण पुढे काय झाले? मनुष्याचा स्वर ऐकताच तो धावत गेला. मरणाऱ्याचे बोलणे त्याने ऐकून घेतले, त्याच्या सांगण्यावरून बाण काढला आणि तोच घट भरून घेऊन आंधळ्या मातापित्यांपुढे उभा राहिला. हे कृत्य माझे आहे असे त्याने स्वतः सांगितले. तेव्हा तो वृद्ध तपस्वी म्हणतो, की हे तू आपल्या तोंडाने सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाची शतसहस्र शकले झाली असती. शाप तरीही चुकला नाही. पुत्रशोकाने दशरथाचा अंत झालाच. म्हणजे सांगितल्याने फळ टळत नाही, परंतु मस्तक शाबूत राहते. मनुष्याच्या आत जे काही एकसंध असते ते भंगत नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

या कथेत आणखी एक गोष्ट आहे. दशरथास शब्दवेधाचा अभिमान होता. म्हणजे न पाहता मारण्याची विद्या. बाण सोडण्याच्या क्षणी त्याच्या मनात मुनिकुमार नव्हता हे खरे. पण जे दिसत नाही त्यावर बाण सोडू नये, एवढे त्याला कळावयास हवे होते. आपण रात्री घाटातून मोटार हाकतो तेव्हा काय करतो? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर पडेपर्यंत सहज एक-दीड सेकंद जातो. म्हणजे गाडी थांबावयास आरंभ होण्यापूर्वीच ती २५ मीटर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यावर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. आणि वळणावर दिव्याचा झोत रस्ता सोडून दरीत किंवा झाडीत पडतो. जेवढे दिसते त्याहून अधिक अंतर थांबण्यास लागत असेल, तर तो वेग शब्दवेधी बाणच होय. त्या पहाटेची घाई माझी होती. म्हणून आघातही मी समजत होतो तेवढा निखळ अजाणता नव्हता.

'तेच मध्ये आले' असेही आपण म्हणतो. हरणवर्गातील प्राणी प्रामुख्याने सांजवेळी आणि पहाटे हिंडतात, कारण त्यांचा चारा, पाणी आणि शत्रू यांचे गणित त्या वेळेशी जुळलेले असते. त्यांचे डोळे मंद उजेडासाठी घडलेले आहेत. बुबुळाआड असलेल्या चकचकीत पडद्यामुळे ते अंधारात चमकतात आणि त्याच कारणाने दिव्याच्या प्रखर झोतात दिपून जातात. जे आपणास गोंधळ वाटते ते त्यांचे हतबल होणे असते. भेकर बहुधा एकटे असते. पण चितळांचा कळप असेल तर एक गेल्यावर मागून दुसरे येतेच. शिवाय मध्ये कोण आले, हाही प्रश्न आहे. मोल्याचे ते रान अभयारण्य असून त्यास भगवान महावीरांचे नाव आहे. ज्यांनी अहिंसेस परमधर्म मानले त्यांच्या नावाच्या रानातून, देवदर्शनाच्या घाईने, एका जीवाला चिरडून मी गेलो. रस्ता आमच्यासाठी बांधला असेल. रान कोणासाठी होते?

राहता राहिले कायद्याचे भय. पुष्कळ लोक निर्दयतेमुळे निघून जात नाहीत. ते भीतीने जातात, आणि ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. आमचे जबाब घेतले गेले, गाडीचा क्रमांक लिहिला गेला, भाच्याला आणखी दोनदा जावे लागले. खरे सांगण्यास खर्च असतोच; नसता तर त्याला प्रायश्चित्ताच्या साधनांत स्थान मिळाले नसते. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ३९ व्या कलमात, मृत सापडलेल्या वन्य प्राण्याबरोबरच चुकीने मारल्या गेलेल्या प्राण्याचाही उल्लेख आहे. कायद्यालाही चूक हा प्रकार ठाऊक आहे, हे ध्यानात घ्यावे. असा प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो आणि तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास वा अधिकृत अधिकाऱ्यास कळवावे, असे तेथे सांगितले आहे. मेलेले जनावर गाडीत घालून नेणे, त्याचे मांस वाटणे किंवा शिंगे दिवाणखान्यात लावणे हा अपराध आहे. आणि कायदा बाजूस ठेवला तरी, आपल्या चुकीने मेलेल्याचा लाभ घेणे म्हणजे अजाणता घडलेल्या हिंसेला मागाहून संमती देणे होय.

चौकीतील वनरक्षकाने आम्हास रागावून काही म्हटले नाही. असे पुन्हा कधी घडले तर काय करावे, एवढे त्याने शांतपणे सांगितले. ते येथे सर्वांसाठी लिहितो. गाडी कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत, म्हणजे मागून येणारी वाहने प्राण्यावर किंवा आपल्यावर येणार नाहीत. जखमी प्राण्याच्या फार जवळ जाऊ नये. घाबरलेले हरीण खुरांनी आणि शिंगांनी मोठी इजा करू शकते, आणि पूर्ण वाढलेला सांबर, ज्याला गोव्यात मेरू म्हणतात, दोनशे किलोहूनही अधिक भरतो. गर्दी जमू देऊ नये, प्रखर दिवा तोंडावर धरू नये. जवळ जाणे अपरिहार्यच झाले तर डोळ्यांवर हलके कापड टाकावे, त्याने प्राणी शांत होतो. उचलून गाडीत घालण्याचा प्रयत्न करू नये, कारण हरणाची जात भयानेच मरते. धरपकडीच्या ताणाने स्नायू निकामी होऊन ते काही तासांनी किंवा काही दिवसांनीही प्राण सोडते. वनखात्यास किंवा पोलिसांस कळवावे. फोन लागत नसेल तर पुढच्या नाक्यावर, चौकीवर, जो पहिला दिवा दिसेल तेथे थांबून जागा नेमकी सांगावी.

आणि आक्काने विचारले तेव्हा त्याने एक गोष्ट अशी सांगितली की ती तिला जड गेली. "पाणी पाजू नका." मरणाऱ्याच्या मुखात पाणी घालणे हा आपल्याकडचा अखेरचा धर्म. पण पडलेल्या, धापा टाकणाऱ्या प्राण्याच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते आणि तो गुदमरतो. दया ही नुसती ऊर्मी असून चालत नाही. ज्याच्यावर दया करावयाची त्याचा देह कसा आहे हे जाणून घेण्याची तसदी तिला घ्यावी लागते. भागवतातील भरत राजाची कथाही हेच दुसऱ्या बाजूने सांगते. अनाथ पाडसाला त्याने उचलले, वाढविले, आणि त्यात इतका गुंतला की अंतकाळी त्याला दुसरे काही आठवेना. आईवेगळे पाडस सापडले म्हणून घरी नेऊन बाळगणारे लोक आजही आढळतात. त्यात पाडसाचे कल्याण थोडे आणि आपल्या कोमल मनाचे समाधान अधिक असते. त्याची जागा घरात नाही. ते वनखात्याच्या स्वाधीन करावे.

असे असले तरी सर्व भार एकट्या वाहनचालकावर टाकणे न्याय्य होणार नाही. गृहस्थाच्या घरात चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा अशी पाच हिंसेची ठिकाणे असतात, असे धर्मशास्त्र सांगते. ही पंचसूना. त्यावाचून संसार चालत नाही. म्हणून संसार टाका असे शास्त्र म्हणत नाही आणि ती हिंसाच नव्हे असेही म्हणत नाही. रोजच्या पंचमहायज्ञांनी तिची फेड करा, असे सांगते. रस्ता ही आपल्या काळातील सहावी सूना आहे. तिची फेडही रोजची आणि सर्वांनी मिळून करावयाची असली पाहिजे. कर्नाटकातील बंडीपूरच्या रानातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत सर्वसाधारण वाहतूक बंद आहे. महाराष्ट्रात पेंच व्याघ्रप्रकल्पाजवळून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाखाली प्राण्यांसाठी ९ मार्ग बांधण्यात आले. त्यांतील सर्वांत मोठा ७५० मीटर रुंद आहे. २०१९ मध्ये तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्य प्राणी त्या मार्गांनी जाताना दिसले आणि चितळे त्यांत होतीच. म्हणजे रस्ता आणि रान यांत तडजोड घडवून आणता येते. ती घडवावी असे वाटावे लागते.

आपल्या देवस्थानांनाही यात करता येण्यासारखे काही आहे. घाटावरील कुळावी अपरात्री निघतात ते सकाळचा अभिषेक साधण्यासाठी. गोव्यातील देवळांना अग्रशाळा आहेत, त्या दूरच्या भक्ताने आदल्या दिवशी उजेडी येऊन विसावा घ्यावा म्हणूनच ना? अभिषेकाची वेळ ठरविताना घाटावरून येणाऱ्यास 'आदल्या संध्याकाळी या, अग्रशाळेत उतरा' एवढे एक वाक्य सांगितले गेले, तर पहाटेच्या त्या दोन तासांतील कितीतरी घाई नाहीशी होईल. देवी सातची वाट पाहत बसलेली नसते. घाई आपली असते.

त्या दिवशीचा अभिषेक अखेर दुपारी झाला. संकल्पाच्या वेळी ते दोन शब्द पुन्हा आले आणि या खेपेस मी ते उच्चारले. पहिल्यापाशी थोडा थांबून. आता दरवर्षी आम्ही आदल्या दिवशी उजेडीच घाट उतरतो. ते वळण आले की भाचा आपण होऊन गाडी हळू करतो. आक्का काही बोलत नाही, मीही काही सांगत नाही. त्या जागी आता काही खूण राहिलेली नाही. पण थांबावयाचे कोठे होते, ते आम्हा तिघांनाही ठाऊक आहे.